मोजून ठेवलेला चौक

वॉर्साच्या जुन्या शहराचा चौक दोनदा बांधला गेला. पहिल्यांदा त्याला सहाशे वर्षं लागली, दुसऱ्यांदा जेमतेम चार-पाच. मधली काही वर्षं तो नव्हताच. १९४५ च्या जानेवारीत तिथे विटांचे ढीग होते, काही अर्धवट भिंती होत्या आणि त्यांवर बर्फ साचला होता. आज त्याच जागी रंगीत दर्शनी भिंतींची, कोरीव दगडी चौकटींची घरं चारही बाजूंनी खांद्याला खांदा लावून उभी आहेत आणि युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्यांची नोंद आहे. सत्तर वर्षांपूर्वी बांधलेली घरं जागतिक वारसा कशी ठरतात, हा प्रश्न कोणीही विचारावा असा आहे. त्याचं उत्तर पोलंडच्या एका पिढीने केलेल्या कामात सापडतं. त्या पिढीने हा चौक पडण्याआधी वीट न् वीट मोजून ठेवला होता.

कड्यावरचं शहर

विस्तुला नदीच्या डाव्या तीरावर एक उंच कडा आहे. पुराचं पाणी तिथवर पोचत नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस किंवा चौदाव्याच्या आरंभी माझोव्हिया प्रांताच्या ड्यूकांनी या कड्यावर शहर वसवलं. मध्ययुगीन युरोपात नवं शहर आखण्याची जी रीत होती, त्याच रीतीने हेही आखलं गेलं: मधोमध बाजाराचा आयताकृती चौक, त्याच्या कोपऱ्यांतून फुटणारे रस्ते आणि भोवती तटबंदी. चौकाची लांबी ९० मीटर आणि रुंदी ७३ मीटर. युरोपातल्या मोठ्या चौकांशी तुलना केली तर हा लहानच. क्राकुफचा बाजारचौक प्रत्येक बाजूला सुमारे २०० मीटर आहे. पण याच आटोपशीर मापामुळे वॉर्साच्या चौकात उभं राहिलं की चारही बाजू एका नजरेत येतात आणि मोकळ्या आभाळाखालच्या दिवाणखान्यात आल्यासारखं वाटतं.

चौकाकडे तोंड असलेली जागा सर्वांत महाग. म्हणून भूखंड अरुंद तोंडाचे आणि मागे खोल गेलेले. सुरुवातीची घरं लाकडी होती. आगी लागत गेल्या तशी त्यांच्या जागी विटांची गॉथिक घरं आली. व्यापाऱ्याचं घर म्हणजे दुकान, वखार आणि बिऱ्हाड एकाच छपराखाली. खाली खोल कमानदार तळघरात दारूची पिंपं, तळमजल्यावर दुकान, त्यावर कुटुंब आणि सर्वांत वर माळ्यावर माल. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत असल्यामुळे घराच्या मध्यभागी अंधार असे. त्यावर वॉर्साच्या गवंड्यांनी एक देखणा उपाय काढला. जिन्याच्या बरोबर वर, छपरातून बाहेर काढलेला खिडक्यांचा छोटा मनोरा ते बांधत, म्हणजे उजेड वरून थेट जिन्यात उतरे. चौकातल्या काही घरांवर हे मनोरे आजही दिसतात.

चौकाच्या मधोमध नगरभवन होतं. न्यायनिवाडे, वजनमापांची तपासणी, पंचांच्या बैठका सगळं तिथेच. त्याच्याभोवती दुकानांची दाटी. हे नगरभवन १८१७ मध्ये पाडलं गेलं आणि मगच आज दिसतो तसा मोकळा चौक तयार झाला.

राजधानी आणि आग

या शहराचं नशीब उघडलं ते राजकारणामुळे. १५६९ मध्ये पोलंड आणि लिथुआनिया यांचं एक संयुक्त राज्य झालं. त्याची संसद दोन्ही देशांना सोयीच्या अशा वॉर्सात भरू लागली. १५९६ मध्ये राजा झिग्मुंत तिसरा याने क्राकुफहून दरबार हलवायला सुरुवात केली आणि पुढच्या दीड दशकात वॉर्सा प्रत्यक्षात राजधानी झालं. सरदार आले, वकील आले, इटालियन कारागीर आणि व्यापारी आले. त्यांना माल पुरवणारे चौकातले व्यापारी श्रीमंत झाले.

१६०७ मध्ये मोठी आग लागली आणि चौकातली बरीच घरं जळाली. पण पैसा हाताशी होता, कारागीर होते. जळलेल्या गॉथिक भिंतींवर नवे मजले चढले, दगडी दरवाजांवर कोरीव काम आलं, भिंतींना उत्तरकालीन रेनेसान्स आणि पुढे बरोक शैलीचं रूप मिळालं. आपण ज्याला या चौकाचा ‘जुना’ चेहरा म्हणतो, तो मुख्यतः या आगीनंतरचा आहे. पोटात मात्र चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या विटा तशाच राहिल्या.

त्या काळाच्या खुणा घरांच्या नावांतून वाचता येतात. क्रमांक ३१ च्या घराच्या कोपऱ्यावर संत अॅनची मूर्ती आहे आणि बाजूच्या भिंतीत उंच गॉथिक कोनाडे आहेत. क्रमांक ३२ चं घर बारिच्का या श्रीमंत घराण्याचं. क्रमांक ३६ च्या दारावर एका आफ्रिकी माणसाचं कोरीव शीर्ष आहे. दूरदेशीच्या व्यापाराची ती जाहिरातच होती. क्रमांक २७ चं घर १८१० मध्ये फुकिएर या दारूच्या व्यापाऱ्यांनी घेतलं आणि त्यांची तळघरं साऱ्या शहरात प्रसिद्ध झाली.

१६५५ नंतर स्वीडिश फौजांनी वॉर्सा लुटलं. शहर सावरलं, पण श्रीमंतांची वस्ती हळूहळू तटाबाहेरच्या रुंद रस्त्यांकडे सरकली.

चार बाजूंना चार नावं

या चौकाच्या चार बाजूंना चार माणसांची नावं आहेत: उत्तरेला देकेर्त, पूर्वेला बार्स, दक्षिणेला झाक्शेव्स्की आणि पश्चिमेला कोवोंताय. यांपैकी कोणी राजा नाही, सेनापती नाही. चौघेही अठराव्या शतकाच्या अखेरच्या सुधारणांच्या चळवळीतले.

पोलंडमध्ये तोवर सगळा राजकीय अधिकार सरदारवर्गाकडे होता. शहरात राहणाऱ्या व्यापारी-कारागिरांना संसदेत आवाज नव्हता. यान देकेर्त हे जुन्या वॉर्साचे महापौर. २ डिसेंबर १७८९ रोजी त्यांच्या पुढाकाराने १४१ शहरांचे प्रतिनिधी काळे कपडे घालून राजाकडे आणि संसदेकडे आपली मागणी घेऊन गेले. इतिहासात ती ‘काळी मिरवणूक’ म्हणून ओळखली जाते. पॅरिसमध्ये क्रांती होऊन तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. मागण्यांचा मसुदा घडवण्यात विचारवंत हुगो कोवोंताय यांचा मोठा हात होता. फ्रांचिशेक बार्स हे शहरवासीयांची बाजू लेखणीने लढवणारे वकील, तर इग्नात्सी झाक्शेव्स्की पुढे वॉर्साचे नगराध्यक्ष झाले. एप्रिल १७९१ मध्ये शहरांना हक्क देणारा कायदा झाला आणि ३ मे १७९१ रोजी चौकापासून हाकेच्या अंतरावरच्या राजवाड्यात पोलंडची लिखित राज्यघटना मंजूर झाली. युरोपातल्या पहिल्या लिखित राज्यघटनांमध्ये तिची गणना होते.

ती टिकली नाही. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७९५ पर्यंत पोलंड वाटून घेतला आणि पुढची १२३ वर्षं जगाच्या नकाशावर हा देश नव्हता. त्या काळात चौक गरीब होत गेला. एकेका घरात अनेक बिऱ्हाडं घुसली, मागच्या अंगणांत खोल्यांवर खोल्या चढल्या, वर जादा मजले आले. १८५५ मध्ये शिल्पकार कोन्स्तांती हेगेल यांनी घडवलेली जलपरी चौकाच्या मध्यात बसवली गेली. एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात ढाल घेतलेली ही जलपरी वॉर्साच्या बोधचिन्हात आहे. राज्य परक्यांचं होतं, तरी शहराची खूण शहराच्या मध्यभागी होती.

मोजणारे विद्यार्थी

देश नसलेल्या लोकांना वास्तूंचं मोल वेगळंच कळतं. १९०६ मध्ये वॉर्सात प्राचीन वास्तूंच्या जपणुकीसाठी एक संस्था स्थापन झाली. तिने थोड्याच वर्षांत बारिच्का घराण्याचं घर विकत घेऊन दुरुस्त केलं. १९१८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं. त्याच्या दशकपूर्तीच्या सुमारास, १९२८ मध्ये, चित्रकारांनी चौकातल्या घरांच्या दर्शनी भिंती रंगचित्रांनी सजवल्या.

पण सर्वांत मोलाचं काम गाजावाजा न होता चाललं होतं. वॉर्साच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक ओस्कार सोस्नोव्स्की यांनी पोलिश वास्तुकलेचा स्वतंत्र विभाग उभा केला. या विभागात विद्यार्थ्याला शिकण्याचा भाग म्हणून प्रत्यक्ष जुन्या इमारतींची मोजणी करावी लागे. टेप आणि ओळंबा घेऊन ही मुलं तळघरात उतरत, माळ्यावर चढत. खिडकीची रुंदी किती, भिंत किती जाड, चौकटीवरच्या नक्षीचा उंचवटा किती, कमानीचा बाक कसा, सगळं मोजून कागदावर उतरवत. नुसत्या चित्रातून इमारतीचं रूप कळतं. मापं घेतलेल्या रेखाटनातून मात्र ती इमारत पुन्हा बांधता येते. दोन महायुद्धांमधल्या काळात देशभरातल्या वास्तूंची अशी रेखाटनं आणि छायाचित्रं या विभागात जमा होत गेली आणि वॉर्साचं जुनं शहर त्यात होतं.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. वॉर्साला वेढा पडला. १७ सप्टेंबरला तोफगोळ्यांनी राजवाडा पेटला. हा संग्रह ठेवलेल्या वास्तुकला विद्याशाखेच्या इमारतीतच सोस्नोव्स्की जखमी झाले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. संग्रह मात्र वाचला. त्याची जबाबदारी त्यांचे सहकारी यान झाख्वातोविच यांच्याकडे आली. युद्धाच्या आधी जुन्या शहराची तटबंदी शोधून तिची डागडुजी करणारे वास्तुविशारद हेच.

जर्मनांनी वॉर्साबद्दल काय ठरवलं होतं हे त्यांच्या कागदांतून स्पष्ट आहे. १९४० च्या फेब्रुवारीत जर्मन नगररचनाकारांनी ‘नव्या जर्मन वॉर्सा’चा आराखडा केला. त्यात दहा लाखांवर वस्तीच्या या राजधानीला एका छोट्या जर्मन शहराएवढं करायचं होतं. पोलिश उच्चशिक्षण बंद झालं. तरीही वास्तुकलेचे वर्ग चोरून चालले, प्रबंध लिहिले गेले, मोजणी चालू राहिली. उद्या शहर पुन्हा उभारायची वेळ आली तर काय करायचं, याचाही विचार त्या चोरट्या वर्गांत होत होता.

त्रेसष्ट दिवस आणि नंतरचे तीन महिने

१ ऑगस्ट १९४४ रोजी पोलिश भूमिगत सेनेने, म्हणजे गृहसेनेने, वॉर्सात उठाव केला. जुनं शहर हा उठावाचा एक बालेकिल्ला होता. ऑगस्टभर त्यावर विमानं, रणगाडे आणि अवजड तोफा चालल्या. तळघरं दवाखाने झाली, जुन्या शहरातल्या कॅथीड्रलच्या आत खांबाखांबाच्या आडून लढाई झाली. ऑगस्टच्या अखेरीस टिकाव लागेना. तेव्हा सुमारे पाच हजार लढवय्ये सांडपाण्याच्या भुयारी गटारातून, गळ्यापर्यंत घाणीत, शहराच्या मध्यभागाकडे निसटले. २ सप्टेंबरला जुनं शहर पडलं. मागे राहिलेल्या जखमींपैकी अनेकांना ठार करण्यात आलं.

उठाव ६३ दिवस चालला. त्यात दीड ते दोन लाख नागरिक मेले असा अंदाज केला जातो. ऑक्टोबरच्या आरंभी शरणागती झाली आणि उरलेल्या सगळ्या लोकांना शहराबाहेर काढण्यात आलं. खरा विध्वंस त्यानंतर झाला. रिकाम्या शहरात जर्मन पथकं पद्धतशीरपणे रस्त्यामागून रस्ता जाळत आणि सुरुंगाने उडवत गेली. ग्रंथालयं, पुराभिलेखागारं, कॅथीड्रल यांपैकी काहीही सुटलं नाही. वॉर्साच्या ऐतिहासिक भागाचा ८५ टक्क्यांहून अधिक हिस्सा नष्ट झाला.

याच दिवसांत एक विलक्षण काम झालं. शरणागतीच्या वाटाघाटींतून पोलिश तज्ज्ञांना सांस्कृतिक वस्तू हलवण्याची मर्यादित परवानगी मिळाली होती. राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक स्तानिस्वाव लोरेंत्स यांच्या नेतृत्वाखाली एक छोटा गट वॉर्साजवळच्या प्रुशकुफ गावातून पेटत्या शहरात जात-येत राहिला आणि पुस्तकं, चित्रं, कागदपत्रं बाहेर काढत राहिला. त्यांच्यात झाख्वातोविच होते. तंत्रविद्यापीठातला मोजणीचा संग्रहही असाच बाहेर निघाला आणि पियोत्रकुफ त्रिबुनाल्स्की या गावातल्या मठात लपवला गेला. चौक जळत असताना त्याची मापं शाबूत होती.

प्रश्न तत्त्वाचा होता

१७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत आणि पोलिश फौजा वॉर्सात शिरल्या. राजधानी दुसरीकडे, ऊच शहरात न्यावी असा विचार पुढे आला होता. पण लोक त्याआधीच ढिगाऱ्यांत परतून तळघरांत राहू लागले. फेब्रुवारीत राजधानी पुनर्रचना कार्यालय स्थापन झालं आणि ऐतिहासिक वास्तूंचा विभाग झाख्वातोविच यांच्याकडे आला.

चौक पुन्हा बांधायचा की नाही, हा वाद सोपा नव्हता. काहींना आधुनिक शहर हवं होतं. काहींना वाटत होतं की अवशेष तसेच ठेवावेत, तेच खरं स्मारक. सर्वांत कठीण आक्षेप खुद्द संवर्धनशास्त्राचा होता. एकोणिसाव्या शतकात जॉन रस्किन आणि विल्यम मॉरिस यांनी मांडलेला विचार युरोपभर मान्य झाला होता: जुनी वास्तू जपा, तिची नक्कल करू नका, कारण गेलेलं परत आणता येत नाही आणि आणल्याचा देखावा हे खोटेपण ठरतं. झाख्वातोविच स्वतः याच परंपरेत घडले होते. १९४६ मध्ये त्यांनी आपली भूमिका लेखी मांडली. तिचा आशय असा, की शास्त्राच्या दृष्टीने आपण नियम मोडतो आहोत हे आम्ही जाणतो. पण ही वास्तू काळाने पाडलेली नाही. एका राष्ट्राची स्मृती पुसण्यासाठी ती ठरवून पाडली आहे. हे पुसणं आम्ही मान्य केलं तर पुढच्या पिढ्यांना आम्ही पोरकं करू. म्हणून अस्सल दगड नाही तरी अस्सल रूप आम्ही त्यांच्या हाती देऊ. पुढे १९५४ च्या हेग करारात युद्धकाळात सांस्कृतिक वास्तूंच्या रक्षणासाठी निळ्या ढालीचं चिन्ह स्वीकारलं गेलं. त्या चिन्हाची रचना झाख्वातोविच यांचीच.

दुसरं बांधकाम

ढिगाऱ्यात न फुटलेले बाँब होते, सुरुंग होते आणि माणसांची प्रेतं होती. आधी ती काढली गेली. मग कोरीव दगडाचे तुकडे, चौकटी, नक्षीकाम वेगळं केलं गेलं आणि शक्य ते मूळ जागी बसवायचं ठरलं. उत्तरेकडच्या बाजूला काही घरांच्या भिंती बऱ्यापैकी उभ्या होत्या. त्या आधाराला धरल्या गेल्या. ढिगारे उपसताना गिलाव्याखाली दडलेल्या चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या विटांच्या भिंती उघड्या पडल्या. त्यांचे तुकडे नव्या भिंतींत मुद्दाम दिसतील असे ठेवले गेले.

बांधकामाचा आधार म्हणजे मोजणीची रेखाटनं आणि छायाचित्रं. वॉर्साच्या पुनर्रचनेची गोष्ट सांगताना नेहमी अठराव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार बेर्नार्दो बेलोत्तो याचं नाव घेतलं जातं. राजा स्तानिस्वाव आउगुस्त याच्या दरबारात राहून त्याने शहराची बारकाईने चित्रं काढली होती आणि राजमार्गावरच्या इमारती उभारताना ती उपयोगी पडली, हे खरं. पण चौकातली भिंत किती जाडीची आणि खिडकी किती उंचीवर, हे तेलचित्र सांगत नाही. त्यासाठी विद्यार्थ्यांनी टेप लावून काढलेले कागदच लागले.

प्रत्येक घर त्याच्या इतिहासातल्या कोणत्या टप्प्याचं बांधायचं, हेही ठरवावं लागलं. साधारणपणे सतराव्या-अठराव्या शतकाचं रूप निवडलं गेलं. एकोणिसाव्या शतकात चढवलेले जादा मजले पुन्हा बांधले नाहीत. मागच्या अंगणांत दाटलेल्या खोल्याही वगळल्या आणि तिथे झाडं, मोकळी हवा आली. आत आधुनिक घरं केली: नळ, न्हाणीघर, ऊब देणारी यंत्रणा. युद्धापूर्वी इथल्या गरीब भाडेकरूंना यातलं बरंचसं माहीतही नव्हतं. दर्शनी भिंतींवर चित्रकारांच्या गटाने स्ग्राफितोचं काम केलं. त्यात गिलाव्याचे वेगवेगळ्या रंगांचे थर एकावर एक देतात आणि वरचा थर ओला असतानाच खरवडून खालच्या रंगाने चित्र उमटवतात. ही चित्रं जुन्या चित्रांच्या नकला नाहीत. ती १९५३ च्या कलाकारांची स्वतःची आहेत.

विटा देशभरातून आल्या. व्रोत्सवाफसारख्या, पूर्वी जर्मनीत असलेल्या आणि युद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहरांतूनही त्या आणल्या गेल्या आणि तिथली पडझड त्यामुळे वाढली. साऱ्या पोलंडमधून राजधानीसाठी निधी जमवला गेला. त्यात उत्साह होता, तशी सरकारी सक्तीही होती. २२ जुलै १९५३ रोजी चौकाचं उद्घाटन झालं. राजवाड्याला मात्र वाट पाहावी लागली. त्याचं बांधकाम १९७१ मध्ये सुरू झालं.

वळिवड्याचा धागा

वॉर्सा पडत होतं आणि पुन्हा उभं राहायला लागत होतं, त्या काळात पोलंडचे काही हजार नागरिक आपल्या कोल्हापूरजवळ राहत होते. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलं. पुढे त्यांच्यातले काही इराणमार्गे बाहेर पडले. त्यांपैकी पाच हजारांच्या आसपास लोक, बहुतेक स्त्रिया आणि मुलं, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूर संस्थानातल्या वळिवडे इथल्या छावणीत होते. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. वॉर्साचा उठाव चालू होता आणि चौक जळत होता, तेव्हा ही मुलं पंचगंगेच्या खोऱ्यात पोलिश भाषेत इतिहास-भूगोल शिकत होती.

यातले बहुतेक वॉर्साचे नव्हते. त्यांची गावं पूर्व सरहद्दीवरची आणि ती गावं युद्धानंतर सोव्हिएत संघाकडे गेली. म्हणून अनेकांना परतायला घरच उरलं नाही. ते ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले. वॉर्सात आज कोल्हापूरच्या या आश्रयाचं स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे आदरांजली वाहिली. चौक बघायला जाणाऱ्या मराठी माणसाने या स्मारकापाशीही अवश्य जावं.

जे बांधलं गेलं नाही

पुनर्रचनेचं मोठेपण सांगताना तिच्या उणिवा झाकणं बरोबर नाही. २६ ऑक्टोबर १९४५ च्या हुकमाने वॉर्सातली सगळी जमीन सार्वजनिक मालकीची झाली. त्यामुळेच एका आराखड्याने चौक बांधता आला. पण मूळ मालकांचा हक्क गेला आणि त्याचे दावे कित्येक दशकं चालत राहिले.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. चौक बांधणाऱ्या कम्युनिस्ट सरकारनेच त्या चौकासाठी लढलेल्या गृहसेनेच्या सैनिकांना तुरुंगात टाकलं. दगड परत उभे राहिले, माणसांची आठवण दडपली गेली. उठावाचं मोठं स्मारक वॉर्सात उभं राहायला १९८९ उजाडावं लागलं.

आणि तिसरी गोष्ट: युद्धापूर्वी वॉर्साची सुमारे एक तृतीयांश वस्ती ज्यूंची होती. त्यांचा मुरानुफ हा भाग १९४३ मध्ये, जर्मनांनी ज्यूंना कोंडलेल्या घेट्टोतला उठाव चिरडताना जमीनदोस्त करण्यात आला. तो पूर्वीसारखा बांधला गेला नाही. त्याच ढिगाऱ्यावर, त्याच ढिगाऱ्याचा चुरा वापरून, नवी वसाहत उभी राहिली. ज्यांच्यासाठी तो बांधायचा ते लोकच मारले गेले होते. कोणता भूतकाळ परत उभारायचा हे जिवंत असलेले ठरवतात, ही या पुनर्रचनेची सर्वांत जड बाजू आहे.

निवाडा

१९८० मध्ये युनेस्कोने वॉर्साचं ऐतिहासिक केंद्र जागतिक वारसा म्हणून मान्य केलं. त्या नोंदीत घरांच्या जुनेपणापेक्षा पुनर्रचनेच्या कामाला महत्त्व दिलं आहे. २०११ मध्ये राजधानी पुनर्रचना कार्यालयाच्या दप्तराची युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत स्वतंत्र नोंद झाली. म्हणजे घरांइतकाच मान कागदांनाही मिळाला. २००५ मध्ये बोस्नियातला मोस्तारचा पूल, तोही युद्धात उडवून पुन्हा बांधलेला, वारसा यादीत आला. सीरिया आणि इराकमधली शहरं उद्ध्वस्त झाल्यावर, २०१८ मध्ये, पुनर्बांधणी कशी करावी याच्या शिफारशी ठरवायला जगभरचे तज्ज्ञ वॉर्सातच जमले.

रस्किनचा आक्षेप आजही खोटा ठरत नाही. जुनेपणाचा देखावा करून पर्यटक जमवणं हे खोटेपणच. वॉर्साचा चौक त्यातून सुटतो, कारण त्याने काहीच लपवलेलं नाही. उत्तर बाजूच्या घरांत शहराचं संग्रहालय आहे आणि विध्वंसाचा व पुनर्बांधणीचा इतिहास तिथे उघडपणे मांडलेला आहे. कुठली वीट जुनी, कुठली नवी, हे दप्तरात नोंदलेलं आहे. मूळ चौक व्यापाऱ्यांनी आपापल्या सोयीने बांधला होता. हा चौक एका समाजाने जाणूनबुजून, सगळी किंमत मोजून बांधला. माझ्या मते दुसऱ्याचं मोल पहिल्यापेक्षा कमी नाही.

आणि हे सगळं शक्य झालं ते चांगल्या काळात केलेल्या कामामुळे. जे विद्यार्थी टेप घेऊन माळ्यावर चढले, त्यांना चौक जळणार हे माहीत नव्हतं. आपण जपू पाहतो ती वास्तू कोणतीही असो, देऊळ, वाडा, चर्च की साधी चाळ, तिची मापं ती उभी असतानाच घेतली पाहिजेत. पडल्यावर हळहळ करता येते, मोजणी करता येत नाही.